फुलोऱ्यातील हेम्प आणि लांबलेली तपासणी

आपण लिहिले आहे की परवान्याने घेतलेले हेम्प (भांगेच्याच जातीचे, पण नशा आणणारा घटक अत्यल्प असलेले पीक) फुलोऱ्याच्या सातव्या आठवड्यात आहे, तुऱ्यांत तपकिरी डाग दिसत आहेत, पाऊस तोंडावर आहे आणि तपासणीचा नमुना घ्यायला अद्याप कोणी फिरकलेले नाही. याच कात्रीत मीही सापडलो होतो. माती, खत आपण जाणताच. मी कायदेतज्ज्ञ नाही आणि नियम देशागणिक बदलतात, एवढे ध्यानात ठेवावे.

डाग बहुधा करड्या बुरशीचे, म्हणजे बॉट्रायटिसचे असावेत. भोवतालची पाने हिरवी असताना तुऱ्यातले एखादेच लहान पान पिवळे पडले असेल, तर ते हलकेच ओढून पाहावे. अलगद हाती आले, तर आतला दांडा मऊ आणि तपकिरी झालेला आढळतो. असा तुरा बराच खालून कापून पिशवीत बंद करूनच शेताबाहेर न्यावा. या टप्प्यावर बुरशीनाशक फवारू नये, असे माझे ठाम मत आहे. घट्ट तुऱ्याच्या गाभ्यात ते पोहोचत नाही, त्याचा अंश मात्र मालात राहतो.

माझे खरे नुकसान बुरशीने नव्हे, कार्यालयाने केले. नमुन्याशिवाय कापणी करता येत नव्हती आणि अर्ज वेळेत देऊनही ‘फाइल वर गेली आहे’ एवढेच ऐकायला मिळे. पीक काही फाइलसाठी थांबत नाही. सीबीडी (नशा न आणणारा घटक) आणि टीएचसी (नशा आणणारा घटक, ज्यावर कायद्याची मर्यादा असते) फुलोऱ्यात जोडीनेच वाढतात. सीबीडीच्या वाणांत त्यांचे प्रमाण साधारण 25 ला 1 असते आणि ते मुख्यतः वाणावरच ठरते. त्यामुळे टीएचसीची मर्यादा 0.3 टक्के असेल, तर सीबीडी साडेसात टक्क्यांच्या आसपास गेले की पीक काठावर येते. अधिकारी आले तोवर माझ्या पिकाने ती मर्यादा ओलांडली होती, आणि निरोगी उभे पीक नष्ट करण्याचा आदेश निघाला. उन्हाच्या ताणामुळे टीएचसी वाढले, हे त्यांचे म्हणणे मला आजही मान्य नाही. ते दिरंगाईत वाढले.

म्हणून शेंड्याकडील तुऱ्यांचा नमुना आपण स्वतः आजच खासगी प्रयोगशाळेत द्यावा. अहवाल ‘एकूण टीएचसी’चा मागावा, म्हणजे टीएचसीए (उष्णतेने टीएचसीत बदलणारे त्याचे आम्लरूप) गुणिले 0.877 अधिक टीएचसी. ताज्या पिकात नुसत्या टीएचसीचा आकडा फसवा असतो. तो अहवाल जोडून, कापणीची तारीख नमूद करून पत्र द्यावे आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नये. फोनवरच्या आश्वासनाचा पुढे अपिलात काहीही उपयोग होत नाही.