ब्लू ग्राउज गेला कुठे?

प्रश्न: माझा भाचा डेन्व्हरला असतो. रॉकी पर्वतात ट्रेकला गेला तेव्हा त्याला कोंबडीएवढा राखाडी पक्षी दिसला. माझ्याकडच्या जुन्या पुस्तकात तो ब्लू ग्राउज आहे पण त्याच्या ॲपवर डस्की ग्राउज. नाव का बदललं? आणि दोन वेगळ्या प्रजाती आहेत तर त्यांचा संकर कसा काय होतो?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर: ताई, पुस्तक आणि ॲप आपापल्या काळाप्रमाणे दोन्ही बरोबर आहेत. आधी सगळ्यांना मिळून ब्लू ग्राउज म्हणायचे, पण डीएनए तपासल्यावर २००६ साली त्याच्या दोन प्रजाती केल्या, रॉकीतला डस्की आणि पॅसिफिक किनाऱ्यालगतच्या डोंगरांतला सूटी. माझ्या मते हे आवाजावरून आधीच कळायला हवं होतं, कारण सूटीचा नर उंच झाडावर बसून इतक्या जोरात घुमतो की लांबवर ऐकू जातं आणि डस्की बहुतेक जमिनीवरच हळू आवाजात घुमतो, जवळ गेल्याशिवाय कळतही नाही. मानेच्या बाजूची फुगणारी कातडी सूटीची पिवळी, डस्कीची जांभळट लाल.

शेपटीवर मात्र विसंबू नका. सूटीच्या शेपटीच्या टोकाला राखाडी पट्टा असतो, दक्षिणेकडच्या डस्कीलाही असतो, पण उत्तरेकडच्या डस्कीला जवळजवळ नसतोच. ह्या झाल्या एकाच प्रजातीतल्या उपप्रजाती, आणि गोंधळ इथेच होतो.

आता संकराचं. ब्रिटिश कोलंबिया आणि वॉशिंग्टनमध्ये दोघांच्या हद्दी भिडतात तिथे मिश्र पिल्लं होतात, पण ती त्या पट्ट्यापुरतीच, बाकी सगळीकडे दोघं वेगळेच राहिलेत म्हणून दोन प्रजाती मानतात. संकर झाला म्हणजे प्रजाती एकच, असं शाळेत घोकलेलं असतं ना, ते पक्ष्यांत फारसं टिकत नाही. आपल्याकडेच बघा, सिंहगडाच्या बाजूच्या झाडीत आरवतो तो राखी रानकोंबडा, आणि पाळीव कोंबडी मुख्यतः लाल रानकोंबड्याची वंशज, तरी तिच्या पिवळ्या कातडीचा जीन राखीकडून आलाय हे २००८ मध्ये दिसलं.

अजून एक, मला फार आवडणारं. बाकी पक्षी थंडीत खाली उतरतात, डस्की बऱ्याचदा उलटा वर चढतो आणि बर्फात सूचिपर्णी झाडांच्या सुया खाऊन हिवाळा काढतो. त्यामुळे भाच्याला म्हणावं, डिसेंबरात परत शोधायचा असेल तर वरच्या झाडांच्या शेंड्यांकडे बघ.