स्नूकरचा १८-१५ म्हणजे गुण की फ्रेम? आणि फ्रेमला 'डाव' म्हणावं का?

प्रश्न असा आलाय: एका लेखात "१९८२ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिप फायनलमध्ये ॲलेक्स हिगिन्सने रे रिअर्डनला १८-१५ गुणांनी हरवलं" असं छापलंय, ते बरोबर आहे का, आणि फ्रेमला मराठीत 'डाव' म्हटलं तर चालेल का.

गुण तर नाहीच नाही. १८-१५ हा फ्रेमचा हिशोब (फ्रेम म्हणजे टेबलावर चेंडू नव्याने मांडून खेळलेला एक खेळ, अशा अनेक फ्रेमची एक मॅच), हिगिन्सने १८ घेतल्या, रिअर्डनने १५. गुण असतात ते एका फ्रेमच्या आत, आणि नवी फ्रेम लागली की दोघंही पुन्हा शून्यावर. आपला घोळ बहुतेक कॅरममुळे होतो, तिथे बोर्ड संपला तरी गुण पुढच्या बोर्डात चालत येतात आणि पंचवीसला गेम होतो, स्नूकरमध्ये तसं काही पुढे येत नाही, फ्रेम जिंकली की नावावर एक लागते, मग ती एका गुणाने जिंका नाहीतर शंभराने.

हे नीट बघायचं तर त्याच स्पर्धेची सेमीफायनल बघा. शेफील्डचं क्रूसिबल थिएटर, समोर जेमतेम विशीचा जिमी व्हाइट. व्हाइट १५-१४ ने पुढे, १६ घेईल तो फायनलला, म्हणजे त्याला एकच हवी होती, आणि त्या फ्रेममध्येही तो ५९-० ने पुढे होता. आता एका वाक्यात १५-१४ आणि ५९-० दोन्ही आले, आणि दोन्हीला 'गुण' म्हटलं तर वाचणाऱ्याला काय कळणार, डोंबल? तिथून हिगिन्सने टेबल साफ करत ६९ काढले, म्हणजे गुण झाले ६९-५९ आणि फ्रेम झाल्या १५-१५. मग शेवटची फ्रेमही त्यानेच घेतली आणि व्हाइट घरी. माझ्या मते त्या वर्षीच्या फायनलपेक्षा ही मॅच भारी, पण ते असो.

त्याच हंगामातलं उलटं उदाहरण म्हणजे जानेवारी १९८२, ओल्डहॅम, लाडा क्लासिक स्पर्धा. स्टीव्ह डेव्हिसने जॉन स्पेन्सरविरुद्ध टीव्हीवरचा पहिला अधिकृत १४७ केला, म्हणजे एकाच पाळीत सगळं टेबल साफ करून जास्तीत जास्त गुण: १५ लाल चेंडू (प्रत्येकी १ गुण), प्रत्येक लालनंतर काळा (७ गुण), म्हणजे १५ गुणिले ८ झाले १२०, वर सहा रंगांचे २७. बक्षीस म्हणून लाडा गाडी मिळाली, पण मॅचच्या स्कोअरमध्ये भर पडली ती एकाच फ्रेमची. आणि एवढं करून फायनल तो टेरी ग्रिफिथ्सकडून ९-८ ने हरलाच.

आता 'डाव'. बुद्धिबळाचा डाव, पत्त्यांचा डाव या अर्थाने अगदी चालतो, "१८-१५ डावांनी" वाचायलाही बरं वाटतं. पण क्रिकेटमुळे डाव म्हटलं की आधी एकाची पाळी मग दुसऱ्याची असं डोक्यात येतं, म्हणून मी तरी फ्रेमच लिहीन. चष्म्याची फ्रेम, फोटोची फ्रेम आपण रोज म्हणतो, शब्द काही परका राहिलेला नाही. अनेकवचन 'फ्रेमा' करा, 'फ्रेम्स' करा, किंवा आकड्यापुढे नुसतं '१८ फ्रेम' म्हणा, बोलताना बहुतेक तेच होतं. तुमचं वाक्य "हिगिन्सने रिअर्डनला १८-१५ फ्रेमने हरवलं" असं करा. खरं तर नुसतं "१८-१५ ने" लिहिलं तरी पुरे.

जाता जाता, 'बेस्ट ऑफ ३५' दिसलं तर त्याचं "३५ पैकी सर्वोत्तम" करू नका प्लीज. "जास्तीत जास्त ३५ फ्रेमची मॅच, आधी १८ घेईल तो जिंकला" हे लांब आहे पण कळतं तरी.

'मानांकन' शब्दही जपून. आपल्याकडे रँकिंगलाही मानांकन आणि सीडिंगलाही (म्हणजे एखाद्या स्पर्धेच्या ड्रॉमध्ये दिलेल्या क्रमांकालाही) मानांकन, आणि १९८२ ला नेमके हे दोन वेगळे होते: क्रमवारीत पहिला कॅनडाचा क्लिफ थॉर्बर्न, पण गतविजेता म्हणून पहिलं सीडिंग डेव्हिसला. (दोघेही पहिल्याच फेरीत उडाले, डेव्हिसला टोनी नोल्सने १०-१ ने धुतला.) म्हणून रँकिंगला क्रमवारी आणि सीडिंगला मानांकन असं ठेवलं तर बरं. क्रमवारीचे गुणही तेव्हा फक्त वर्ल्ड चॅम्पियनशिपचेच धरायचे, बाकीच्या स्पर्धा मोजायला सुरुवात झाली ती पुढच्या १९८२-८३ च्या हंगामात. तेव्हा इथे 'गुण' शब्दाचा आणखी तिसराच अर्थ होतो.

आणि 'ब्रेक'. त्याची मध्यंतर किंवा विश्रांती होऊ देऊ नका. हिगिन्सने फायनलच्या शेवटच्या फ्रेममध्ये १३५ चा ब्रेक केला म्हणजे एकाच पाळीत न चुकता १३५ गुण काढले, रिअर्डन तोवर खुर्चीत. फ्रेमचा पहिला फटका मारणं हाही ब्रेकच, त्याला 'ब्रेक-ऑफ' असं पूर्ण लिहिलं की भागतं.