मुकुटावर नाचणाऱ्या बायका

प्रश्न: नातीच्या लग्नासाठी दादरहून बाशिंग, मुंडावळ्या घेऊन आले. नातीने फोनवर एका जुन्या, मीना केलेल्या सोन्याच्या मुकुटाचं चित्र दाखवलं. थेट बाशिंगच! मध्ये राजा, शेजारी राण्या, इथवर समजलं. पण पुढे नाचणाऱ्या बायका? राजाच्या मुकुटावर?
– एक आजी, गिरगाव

उत्तर: आजी, हा बुडापेस्टच्या राष्ट्रीय संग्रहालयातला मोनोमाखोसचा मुकुट. १८६० साली आजच्या स्लोव्हाकियातल्या नित्राजवळ जमिनीत सापडला. बाशिंग तुम्ही बरोबर ओळखलंत: सात सुट्या पट्ट्या, माथ्यावर कमान, मधली सर्वांत उंच. कडांना बारीक भोकं आहेत, म्हणजे त्या कशावर तरी शिवलेल्या असणार.

मधला सम्राट नववा कॉन्स्टंटाइन मोनोमाखोस, बायझंटाइन साम्राज्याचा, म्हणजे आजच्या इस्तंबूलहून चालणाऱ्या पूर्वेकडच्या रोमन राज्याचा. पण त्या दोघी त्याच्या राण्या नव्हेत हं! एक बायको झोई, दुसरी मेहुणी थिओडोरा. गादीच्या खऱ्या वारस या बहिणीच. १०४२ साली झोईशी लग्न लागलं म्हणून हा सम्राट झाला, तोही तिचा तिसरा नवरा. झोई १०५० मध्ये वारली, म्हणून मुकुट त्या आठ वर्षांतला मानतात. टोकांना सत्य आणि विनय हे गुण बाईच्या रूपात. त्यांची ग्रीक नावं अशुद्ध लिहिलीत. आमच्या गाळ्यातला नावं कोरणाराही ऱ्हस्व-दीर्घ चुकवायचा, पण सम्राटाच्या सोन्यावर?

आता नाचणाऱ्या. डोक्यावरून ओढणी फिरवतायत, आणि डोक्यामागे चक्क प्रभावळ. बायबलात, पुढे राजा झालेला दावीद लढाई जिंकून परतला तेव्हा गावोगावच्या बायका गात-नाचत सामोऱ्या आल्या. बायझंटाइन सम्राटाला नवा दावीद म्हणायची रीत होती. त्या याच बायका, असं काही अभ्यासक म्हणतात, आणि मला ते पटतं. भोवतीच्या वेली आणि पाखरं म्हणजे स्वर्गातली बाग.

मी झवेरी बाजारात तीस वर्षं मीना भरला, त्यामुळे माझा जीव अडकतो तो वेगळ्याच जागी. आपल्या जयपुरी कामात सोनं कोरून खड्डा करतात आणि त्यात रंग भरतात. इथे सोन्याच्या केसाएवढ्या पट्ट्या उभ्या लावून चित्राची रेघ काढलीय. त्या घरांत काचेची रंगीत पूड भरायची, भट्टीत घालायची. पूड वितळून खाली बसते, की पुन्हा भरायची, पुन्हा भाजायची. शेवटी घासून सपाट करायचं. नातीला म्हणावं, चित्र मोठं कर आणि त्या नाचणारीचा घागरा बघ. त्याची एकेक चूण म्हणजे कुणीतरी चिमट्याने वाकवून उभी केलेली पट्टी आहे.