शिरोलीतून पुण्याला ८०० जीबीचं व्हीएम: आधी लोकल बॅकअप, मग फक्त बदललेला भाग

तुमचा प्रश्न असा आहे: कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत प्रॉक्समॉक्सवर (एका सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) ८०० जीबीचं विंडोज व्हीएम म्हणजे आभासी मशीन आहे, अपलोड २० एमबीपीएस आहे, बॅकअप थेट पुण्याच्या बॅकअप सर्व्हरवर जातो आणि तो चालू असताना ईआरपी (कंपनीचे व्यवहार सांभाळणारं सॉफ्टवेअर) अडकतं.

आधी हिशोब बघा. ८०० जीबी म्हणजे ६,४०० गिगाबिट. २० एमबीपीएसने लाइन एकदाही न तुटता ८९ तास लागतात, म्हणजे पावणेचार दिवस. रात्री १० ते सकाळी ६ एवढ्या वेळात जास्तीत जास्त ७२ जीबी जातं, प्रत्यक्षात ५५-६० धरा. तेव्हा रोज पूर्ण व्हीएम पाठवणं विसराच.

ईआरपी अडकण्याचं कारण वेगळं आहे. बॅकअप चालू असताना व्हीएमला एखाद्या ब्लॉकवर लिहायचं असेल आणि त्याची प्रत अजून गेली नसेल, तर क्यूईएमयू (प्रॉक्समॉक्समध्ये व्हीएम चालवणारा प्रोग्राम) आधी जुना ब्लॉक बॅकअपकडे पाठवतो आणि मगच लिहू देतो. बॅकअप सर्व्हर २० एमबीपीएसच्या लाइनच्या पलीकडे असला की व्हीएमचं लिहिणंही त्याच वेगाने होतं. फ्लीसिंग चालू केलं तर हे ब्लॉक तात्पुरते लोकल डिस्कवर जातात आणि त्रास कमी होतो. पण खरा उपाय एकच: शिरोलीतच दुसऱ्या मशीनवर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर बसवा, बॅकअप गिगाबिट लॅनवर घ्या आणि तिथून पुण्याला सिंक जॉब (बॅकअपच्या नव्या प्रती आपोआप दुसऱ्या सर्व्हरवर उतरवणारं काम) लावा. सिंक तुटलं तरी व्हीएमला धक्का लागत नाही आणि पोचलेले तुकडे पुन्हा येत नाहीत.

पहिली प्रत लाइनवरून पाठवू नका. २ टीबीच्या यूएसबी डिस्कवर डेटास्टोअर (बॅकअप सर्व्हरची साठवणीची जागा) करून त्यात लोकल सिंक घ्या, डिस्क गाडीने पुण्याला न्या आणि तिथल्या मुख्य डेटास्टोअरमध्ये पुन्हा सिंक करा. यूएसबीचं डेटास्टोअर तिथे नुसतं जोडून ठेवलंत तर उपयोग नाही, कारण डीडुप (तोच तुकडा दुसऱ्यांदा न साठवणं) एका डेटास्टोअरच्या आतच चालतं. एन्क्रिप्शन वापरणार असाल तर त्याची की (बॅकअप उघडायची किल्ली) आत्ताच ठरवा. नंतर बदललीत तर सगळे तुकडे नवे धरले जातात आणि ८०० जीबी पुन्हा पाठवावं लागतं. कीची छापील प्रत दोन्ही ठिकाणी ठेवा, की गेली तर बॅकअपही गेला.

आता रोजचा बदल. व्हीएमची डिस्क ४ एमबीच्या ठरावीक तुकड्यांत कापली जाते, त्यामुळे ४ केबी बदललं तरी पूर्ण तुकडा नवा. असे हजार फुटकळ बदल विखुरलेले असले की ४ जीबी झालं, कॉम्प्रेशनने थोडं कमी. म्हणून विंडोजमधलं डीफ्रॅग बंद करा. पेजफाइल (रॅम कमी पडली की विंडोज वापरतं ती फाइल) वेगळ्या व्हर्च्युअल डिस्कवर हलवा आणि त्या डिस्कवरची बॅकअपची खूण काढा. सगळ्यात जास्त भर घालते ती एसक्यूएलची रोजची बॅक फाइल (डेटाबेसचा स्वतःचा बॅकअप). ती त्याच डिस्कवर पडत असेल तर रोज तितके जीबी नवीन, आणि आतून कॉम्प्रेस केलेली असेल तर डीडुपला हाती काहीच लागत नाही. तीही वेगळ्या डिस्कवर टाका. व्हर्टआयओ स्कझी प्रकारच्या डिस्कला 'डिस्कार्ड' हा पर्याय चालू ठेवा, म्हणजे विंडोजने पुसलेली जागा खरंच मोकळी होते. व्हीएमच्या आत गेस्ट एजंट (बॅकअपआधी लिहिणं क्षणभर थांबवणारा प्रोग्राम) बसवा, नाहीतर डेटाबेसची प्रत अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत निघू शकते. व्हीएम बंद करून चालू केलं की कोणते ब्लॉक बदलले याची नोंद पुसली जाते आणि पुढच्या वेळी पूर्ण डिस्क वाचली जाते. लॅनवर ते चालतं, लाइनवर मात्र नवे तुकडेच जातात.

सिंक पुण्याकडून ओढून घ्या, वायरगार्ड व्हीपीएनमधून. शिरोलीच्या मशीनवर पुण्याचा पासवर्डच नसला की रॅन्समवेअरला तिकडे पोचणं अवघड होतं. सिंकमधला 'रिमूव्ह व्हॅनिश्ड' हा पर्याय बंदच ठेवा, नाहीतर इकडे पुसलेलं तिकडेही पुसलं जाईल. सिंकच्या वेगमर्यादेचा आकडा मेगाबाइटमध्ये असतो, मेगाबिटमध्ये नाही. २ लिहिलंत तर जवळपास १७ एमबीपीएस जातं. रात्री तेवढं आणि दिवसा अर्धा पुरे.

रिस्टोअरचाही विचार आत्ताच करा. लोकल प्रतीतून व्हीएम काही तासांत उभं राहतं. पुण्याहून लाइनवरून मात्र दिवस लागतील, त्यापेक्षा डिस्क गाडीने आणणं लवकर. पण २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला होता, तेव्हा त्या गाडीवर भरवसा ठेवू नका. लोकल बॅकअप सर्व्हर वरच्या मजल्यावर, मुख्य सर्व्हरपासून वेगळ्या खोलीत ठेवा. पुण्यात एक जुनं मशीन व्हीएम तिथेच चालवता येईल एवढ्या रॅमसह तयार ठेवा, आणि महिन्यातून एकदा वेगळ्या ब्रिजवर (मुख्य नेटवर्कपासून तोडलेल्या) व्हीएम उभं करून ईआरपीत लॉगिन होतंय का ते तपासा.