अकरा महिन्यांचा करार आणि कथकचा वर्ग

प्रश्न : पुण्यात माझा कथकचा वर्ग आहे. एका सोसायटीत पहिल्या मजल्यावरचा गाळा मिळतोय. भाडे २२,०००, डिपॉझिट १ लाख. मालक म्हणतात, अकरा महिन्यांचा नोटरी करार पुरे, नोंदणी लागत नाही. वापर ‘ऑफिस’ लिहू. लाकडी फ्लोअरिंगला माझे दीड लाख जातील. सही करू का?

उत्तर : ताई, या मसुद्यावर नको.

अकरा महिन्यांची पळवाट महाराष्ट्रात चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९च्या कलम ५५नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. कसूर केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे त्यांना गोडीनेच सांगा, अजून जागा मिळायचीय! तीन वर्षांच्या कराराला पाव टक्क्याने मुद्रांक शुल्क २,१००च्या आसपास आणि नोंदणी फी १,००० येते. निम्मे तुम्ही द्या, विषय मिटेल.

मला खरी काळजी त्या दीड लाखांची वाटते. लायसन्स म्हणजे जागा वापरायची परवानगी. जागेत हक्क मिळत नाही. उद्या गाळा विकला गेला, तर सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९प्रमाणे नवा मालक तुमच्या कराराला बांधील नसतो. म्हणून मुदत ३६ महिन्यांची घ्या आणि लॉक-इन, म्हणजे मुदतीआधी करार न मोडण्याची अट, मालकावरही घाला. त्याआधी त्यांनी जागा काढून घेतली किंवा विकली, तर ताबा सोडतानाच डिपॉझिट आणि फ्लोअरिंगचा उरलेल्या महिन्यांच्या हिशेबाने खर्च परत, असे स्पष्ट लिहून घ्या. यावर मालक अडून बसले, तर फ्लोअरिंग करू नका, घडीच्या मॅटवर भागवा.

‘ऑफिस’ हा शब्द काढून ‘कथक नृत्यवर्ग’ लिहा. नाहीतर सोसायटीची पहिली तक्रार आली की मालक हात वर करतील आणि करारभंग तुमच्या नावावर लागेल. मंजूर नकाशात तो गाळा व्यापारी वापराचाच आहे ना, हे नकाशाची प्रत मागून बघा. दलालाच्या ‘सगळे करतात’वर जाऊ नका. सोसायटीचे ना-हरकत पत्रही लेखी घ्या.

आणि हे कायद्याच्या पुस्तकात नाही, पण करा : सहीआधी एका संध्याकाळी दोन विद्यार्थिनींना घुंगरू बांधून वर दहा मिनिटे तत्कार (कथकचे पायांचे काम) करायला लावा. तुम्ही मात्र खालच्या दुकानात उभ्या राहा.