माळ्यावरची बंदूक

"ताई, आधीच हात उचलतो तो. त्यात बंदूक द्यायची?"

माझ्याकडे समुपदेशनाला आलेली ही आई रामबागेतली. शेजारी नवरा हाताची घडी घालून बसलेला. मुलगा दहा वर्षांचा. त्याला इथे चिनू म्हणू या. घराची ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशीलही थोडे बदलले आहेत. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेनं रायफलमध्ये ब्राँझ मिळवलं, तेव्हापासून बाबांच्या डोक्यात नेमबाजी बसली होती. इंदूरच्या एका शूटिंग रेंजवर चौकशीही करून आले होते. "शिस्त लागेल त्याला," असं त्यांचं म्हणणं. आईकडे शाळेतून आलेल्या दोन चिठ्ठ्या होत्या आणि चिनूच्या बहिणीच्या कपाळावर रिमोट लागल्याचा फोटो.

बंदुकीनं मूल हिंसक होईल का, हे मला वर्षातून पाच-सहा पालक तरी विचारतात. मी लगेच हो-नाही म्हणत नाही. झोप कशी आहे, मूल उदास असतं का, स्वतःला इजा करण्याबद्दल कधी बोललंय का, हे आधी विचारते. आणि एक प्रश्न सगळ्यांना: घरात बंदूक आहे का?

इथे बाबा थोडे थबकले. "एक जुनी एअर गन आहे. आमच्या वडिलांची. शेतावर पोपट उडवायला घ्यायचे. माळ्यावर पडलीय, कोणी हात लावत नाही."

चिनूला मी वेगळं भेटले. सोफ्याच्या फाटक्या कोपऱ्यातून तो स्पंज टोकरत बसला होता. माळ्यावरच्या बंदुकीचा विषय काढला तशी बोटं थांबली.

"आईला सांगणार?"

"कोणाला इजा होण्यासारखं असेल तर सांगावं लागेल. पण तुला विचारूनच सांगीन."

मग हळूहळू निघालं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आतेभाऊ आला होता. दुपारी सगळे झोपल्यावर दोघांनी बंदूक खाली काढली, गच्चीवर नेली. आधी टाकीच्या झाकणावर नेम. मग पेरूच्या झाडावर खार दिसली.

"मला वाटलं लागणारच नाही."

"मग?"

"पेरूखालीच पुरली. दादा हसत होता." बराच वेळ गेला. "मी नाही हसलो."

मुलानं प्राण्याला मारलं की आम्ही कान टवकारतो, आणि टवकारायलाच हवेत. पण त्यानंतर काय झालं, तेही बघावं लागतं. पुन्हा केलं का? सांगताना मजा वाटते का? चिनूनं हे चवीनं सांगितलं असतं, तर रेंजचा विषय मी तिथेच मिटवला असता. त्यानं ते पाच महिने एकट्यानं वागवलं होतं. शाळेतल्या मारामाऱ्याही त्याच सुमारास वाढलेल्या. एकामुळेच दुसरं झालं असं मी म्हणणार नाही, पण तारखा मी वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवल्या.

"तुम्हीच सांगा," तो म्हणाला, "पण बाबा ओरडले तर तुम्ही थांबवायचं."

बाबा ओरडले नाहीत. पांढरे पडले. ४.५ मिलिमीटरच्या, २० ज्यूलपर्यंतच्या एअर गनला आपल्याकडे लायसन्स लागत नाही, म्हणून लोक तिला जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीच्या पंक्तीत बसवतात. तिचा छर्रा डोळ्यात गेला तर डोळा जातो. मी अट घातली: रेंजचं नंतर बघू, आधी ती बंदूक कुलपात, छर्रे दुसऱ्या कपाटात, किल्ली मोठ्या माणसाकडे. आईला भीती रेंजची होती आणि खरी भीती तिच्याच स्वयंपाकघराच्या वर पडून होती.

रेंज मीही पाहिलेली नव्हती, म्हणून एका शनिवारी गेले. दहा मीटरवर कागद, त्यावर साधारण तीन सेंटिमीटरचं काळं वर्तुळ, आणि त्यात रायफलवाल्यांचा 'दहा' म्हणजे अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. प्रत्येक रिकाम्या नळीतून रंगीत दोरी ओवलेली, म्हणजे ती रिकामी आहे हे लांबूनही दिसावं. नळीचं तोंड कायम टार्गेटकडे. बोट ट्रिगरच्या बाहेर. 'स्टॉप' ऐकू आलं की सगळे जागच्या जागी थांबतात. छर्रे शिशाचे, त्यामुळे हात धुतल्याशिवाय डब्यातल्या पोह्यांना हात लावायचा नाही.

चिनूला पहिले तीन आठवडे छर्राच दिला नाही. रायफल स्टँडवर टेकवून नुसतं धरायचं, बघायचं, श्वास सोडायचा. वैतागला होता. नेम हलायला लागला की कोच म्हणायचे, "नहीं जम रहा? नीचे रखो. फिर उठाओ."

मी वहीत लिहिलं ते हेच. मोठ्यांच्या स्पर्धेत ६० शॉट्सना ७५ मिनिटं असतात, म्हणजे न जमलेला शॉट सोडून द्यायला वेळ असतो. क्रिकेटमध्ये चेंडू हातातून सुटला की सुटला. इथे ट्रिगर दाबायच्या आधी माघार घेणं हाच खेळ. माझ्या खोलीत 'दहा आकडे मोज' सांगून मी पाहिलं होतं. ते त्याला लहान मुलांचं वाटलं.

तो गाईसारखा गरीब झाला, असं काही नाही. दिवाळीच्या आधी शाळेतून पुन्हा एक चिठ्ठी आली. जास्त काम तर बाबांवर करावं लागलं. काचेमागे उभं राहून ते स्कोअर लिहायचे, घरी येताना स्कूटरवर "स्टेटला कधी?" विचारायचे. वर्षभर स्कोअर विचारायचा नाही, एवढं कबूल करून घ्यायला तीन बैठका लागल्या. चिनूच्या वाट्याला दोनच आल्या होत्या.

दिवाळीनंतर आई एकटीच आली. या वेळी तक्रार बहिणीची होती, तीही हसत हसत सांगितली. टिकल्यांच्या बंदुकीनं चोर-पोलीस खेळायचं तर दादा बंदूक कोणावर धरतच नाही, नुसता जमिनीकडे रोखून उभा राहतो. सगळा खेळ बिघडवतो म्हणे.