मुंबईचा समुद्र तर होता तिथंच दिसतो, मग पातळी वाढतेय हे कशावरून?

तुम्ही लिहिलंय की लहानपणापासून गेटवेच्या पायऱ्या पाहताय आणि पाणी होतं तिथंच आहे. प्रश्न रास्त आहे, पण ही वाढ नुसत्या डोळ्यांना दिसायची नाही. उधाणाच्या दिवशी मुंबईत भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढेही जातो आणि आपण शोधतोय वर्षाला काही मिलिमीटर. (पावसाळ्यात ‘साडेचार मीटरची भरती’ म्हणून जे मेसेज फिरतात, त्यांचा याच्याशी संबंध नाही. तो चंद्र-सूर्याच्या गणितातून आधीच काढलेला आकडा असतो.)

खरा पुरावा गेटवेजवळच्या अपोलो बंदरात आहे. तिथे १८७८ पासून भरतीच्या नोंदी आहेत. जुन्या भरतीमापकाची रचना मला फार आवडते. समुद्राला बारीक भोकानं जोडलेली विहीर असते, त्यामुळे लाटांचा धिंगाणा बाहेरच राहतो आणि आत पाणी संथपणे चढतं-उतरतं. त्यावर एक तरंगता गोळा, गोळ्याला तार, तारेला लेखणी आणि घड्याळाच्या चालीवर फिरणारा कागद. अशा नोंदींची वर्षावर्षाची सरासरी काढली की भरती-ओहोटी विरते आणि कल उरतो. विसाव्या शतकात तो वर्षाला एक मिमीपेक्षा थोडा कमी निघाला. म्हणजे शंभर वर्षांत जेमतेम चार बोटं.

१९९३ पासून उपग्रह मोजताहेत. जगाची सरासरी वर्षाला ३ मिमीच्या वर आहे. आपल्या उत्तर हिंदी महासागरात मात्र पहिली दहा-अकरा वर्षं पातळी जवळपास हललीच नाही आणि २००४ नंतरच्या दशकात वर्षाला सुमारे ६ मिमीनं चढली. बर्फ वितळून समुद्रात येणारं पाणी काही आपल्यासाठी थांबलं नव्हतं. यात मोठा हात वाऱ्यांचा. वारे पाणी ढकलतात, पाण्याबरोबर उष्णताही इकडची तिकडे जाते, आणि गरम पाणी फुगतं. प्रशांत महासागरात त्याच सुमारास व्यापारी वारे (विषुववृत्ताजवळ पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारे) जोरात होते, तेव्हा फिलिपिन्सकडे पातळी जागतिक सरासरीच्या तिप्पट वेगानं वाढली आणि कॅलिफोर्नियात जवळपास जागेवर राहिली. म्हणून एका बंदराचा दहा वर्षांचा आलेख दाखवून कुणी ‘बघा, काही होत नाही’ किंवा ‘बघा, बुडालो’ म्हटलं, तर मी दोघांकडेही दुर्लक्ष करतो.

वारे उष्णता फक्त हलवतात. मूळ उष्णता वाढतेच आहे, आणि वातावरणात अडकलेल्या जादा उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक समुद्र पितो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या अभ्यासानुसार १९०१ ते २०१२ या काळात पश्चिम हिंदी महासागराचं पृष्ठभागाचं जून ते सप्टेंबरमधलं तापमान सुमारे १.२ अंशानं वाढलं. अरबी समुद्रातली वादळं अलीकडे जोर धरताहेत, त्यामागे ही ऊबही आहे.

पायऱ्या सोडा, पावसाळी नाल्यांची तोंडं पाहा. मुंबईतली बरीचशी भरतीच्या पातळीखाली आहेत. भरती असेपर्यंत पावसाचं पाणी बाहेर पडत नाही, पंप लावावे लागतात. सरासरी पातळी थोडी जरी चढली तरी ती तोंडं रोज जास्त वेळ पाण्याखाली राहणार.